कुरणात भरलेली शाळा

आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरी वसुबारस असते. सायंकाळी गायवासराची पूजा होते, दारात पहिली पणती लागते, आणि बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाऊन दिवाळी सुरू झाली असे आपण समजतो. त्याच दिवशी त्र्यंबकेश्वराभोवतीच्या डोंगरपाड्यांवर वाघबारस असते. कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी या लोकांचा हा सण. तिथे पूजा होते ती वाघाची. वर्षभर गुरे राखली, यापुढेही राख, एवढेच त्याच्याकडे मागणे. या सणाचे यजमान कोण, तर गुराखी पोरे! घरोघर फिरून ती शिधा गोळा करतात, रानात वाघदेवाच्या ठाण्याजवळ चूल मांडतात, स्वतः रांधतात आणि पंगत बसवतात. त्या दिवशी वडीलधाऱ्यांचा कारभार नाही. सारा कारभार पोरांचा.

माझे बालशिक्षणाच्या इतिहासाचे वेड या वाघबारशीपासून सुरू झाले. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास पोथीतला वाटणार नाही.

१९७८ च्या जूनमध्ये मी त्र्यंबकच्या पलीकडे एका पाड्यावर शिक्षक म्हणून रुजू झालो. वय बावीस, खिशात नवी कोरी पदविका, आणि डोक्यात गोरगरिबांच्या मुलांना माणसात आणण्याचा मोठा उत्साह. ‘माणसात आणणे’ हे शब्द तेव्हा मी अगदी सहज वापरीत असे. आज ते लिहितानाही लाज वाटते. पावसाळा त्र्यंबकचा, म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. शाळा म्हणजे एक खोली, आणि हजेरीपटावरची निम्मी नावे रोज गैरहजर. त्यातला एक दहा वर्षांचा पोरगा तर माझ्या डोळ्यांत सलत असे. आला तर अकरा वाजता येई, कडेवर धाकटी बहीण. दुपारी गुरे सोडायची वेळ झाली की पाटी तिथेच टाकून पसार. मी त्याला अंगठे धरून उभे केले, पटावर तांबडी शाई ओढली. एकदा बेरजेला अडखळला तेव्हा भर वर्गात म्हणालो, “तुला जन्मात हिशेब यायचा नाही.” त्याची आई एकदा दारापाशी येऊन सांगून गेली, “गुरुजी, पोराला मारा, मी नाही म्हणत नाही. पण गुरं कोण वळील?” या प्रश्नाला माझ्या पदविकेत उत्तर नव्हते. मी तिला शिक्षणाचे महत्त्व सांगितले!

दिवाळीच्या सुट्टीला शाळा बंद करून मी एसटी गाठायला निघालो, तो रानात या पोरांनी मला अडवले. वाघबारस होती. “गुरुजी, जेवून जा.” मी बसलो. समोर घोंगडीवर तांदळाचा ढीग, आणि ढिगापाशी तोच पोरगा. तो तोंडाने हिशेब सांगत होता: अकरा घरांनी मापटे-मापटे दिले, ते साडेपाच शेर, चार घरांनी चिपटे-चिपटे दिले, तो एक शेर, झाले साडेसहा शेर. म्हणजे सव्वीस चिपटी. पोरे तेवीस. एक वाटा वाघदेवाचा. एक, तापाने घरी पडलेल्या पोराचा. “आन एक गुरुजींचा.” सव्वीस. ना पाटी, ना पेन्सिल. चूल कुणी पेटवायची, पाणी कुणी आणायचे, धाकट्यांना आगीपासून लांब कुणी ठेवायचे, गुरांकडे पाळीपाळीने कुणी बघायचे, हेही त्यानेच वाटून दिले होते. ज्याला मी इतके दिवस ढ म्हटले, त्याने माझाही वाटा धरला होता. तो भात घशाखाली उतरवणे मला जड गेले.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीशी वाघाचे आणि टाकलेल्या पोरांचे नाते तसे फार जुने. परंपरा सांगते, की आळंदीच्या विठ्ठलपंतांचे वाळीत पडलेले कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, पळापळ झाली, आणि थोरला निवृत्ती वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. तिथे त्याला गुरू भेटला. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार भावंडे उघडी पडली. मुंज नाही, पाठशाळा नाही, गावात थारा नाही. थोरल्याने धाकट्याला शिकवले, आणि तो धाकटा ज्ञानदेव झाला. निवृत्तिनाथांची समाधी इथे त्र्यंबकेश्वरीच आहे. पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची दाटी तिथे मावत नाही. या समाधीपुढे मी लहानपणापासून हात जोडत आलो होतो. पण ज्या पोरांना शाळेचे दार बंद, त्यांचे शिक्षण कुठे नि कसे होते, हा प्रश्न त्या दर्शनात मला कधी पडला नव्हता. तो त्या पंगतीत पडला.

मग मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या झिजवू लागलो. वाटले, ‘गुरे कोण वळील’ याचे उत्तर आजवर कुणीतरी शोधले असेलच. शोधले होते. नुसते शोधले नव्हते, तर माझ्याच पाड्यावरून घाट उतरून मोखाडा, जव्हार ओलांडले की जो डहाणूचा मुलूख लागतो, तिथे ते अमलात आणले होते.

पण प्रश्न त्याहून जुना निघाला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्याहून हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार आपण ऐकलेली असते. त्याच निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत काय शिकवावे याची एक यादी आहे: मोडी आणि बालबोध वाचता-लिहिता येणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे असेही त्यांनी मागितले. आणि शेतात नि गुरांमागे पोराचा हात लागतो म्हणून गरीब त्याला शाळेत धाडत नाही, हे ओळखून अशा मुलांना उत्तेजनार्थ काही मदत द्यावी अशीही मागणी केली. दिवसभर राबणाऱ्यांसाठी त्यांनी १८५५ सालीच रात्रीची शाळा चालवली होती. म्हणजे त्या माउलीने मला दारात विचारलेला प्रश्न फुल्यांनी सरकारला शहाण्णव वर्षे आधी विचारला होता.

पुढच्या काळात या प्रश्नाला दोन वाटांनी उत्तरे आली. पहिली वाट आश्रमशाळेची. मूल गुरांमागे जाते ना, मग त्याला शाळेतच राहायला आणा. तिथेच जेवण, तिथेच झोपणे, तिथेच सूत कातणे नि भाजीपाला पिकवणे. ठक्करबापांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढून ही वाट मळली. आमच्या जिल्ह्यात दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ स्थापून तीच पुढे नेली. मुंबई राज्य सरकारने १९५३-५४ पासून आश्रमशाळांची योजना हाती घेतली. डोंगरातली जी पहिली पिढी शिकली, ती बहुतांशी याच वाटेने. तिचे ऋण मोठे आहे. पण या वाटेवर एक गोष्ट मागेच राहते. मूल घरापासून तुटते, आणि ज्याची घरी गरज आहे ते मूल तर येतच नाही.

दुसरी वाट दोन बायकांनी काढली.

ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या. घर प्रार्थनासमाजी विचारांचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या, त्या काळी पदवीधर बाई पाहायला लोक वाकून बघत. संसार मोडला, पण त्या मोडल्या नाहीत. १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्या गेल्या आणि बालशिक्षणाच्या झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. शहरी मध्यमवर्गात बालमंदिरांची चळवळ रुजली. आता इथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर हे सारे उभे होते, त्यांनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये काढले ते सान लोरेन्झो नावाच्या मजूरवस्तीतल्या, दिवसभर मोकाट हिंडणाऱ्या पोरांसाठी. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे येईतो मात्र रंगीत लाकडी साहित्याची, महागाची नि हौसेची होऊन बसली. ताराबाईंनी हे ओळखले. तिला तिच्या माहेरी परत न्यायचे त्यांनी ठरवले, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. समाजाने ‘संपली’ म्हणून बाजूला ठेवलेली ही पोर शिकली आणि शिक्षिका झाली. आमच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे खेड्यातल्या शाळेत तिने पहिली नोकरी केली. पुढे पुण्याच्या हुजूरपागेत ती तेरा वर्षे होती. ती पक्की नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या. बी. ए. झाल्या त्या १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर.

बोर्डीला बालवाडी उघडली, तर मुले येईनात. जी यावीत म्हणून हा सारा खटाटोप, ती हरिजनवाड्यातली नि पाड्यांवरची मुले तर नाहीतच. तेव्हा या दोघींनी जे केले ते आज इतके साधे वाटते, की त्यातले धाडस दिसत नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे न्यायची. त्या वाड्यात गेल्या आणि एका अंगणात बालवाडी मांडली. पहिला धडा कोणता? अक्षरांचा नव्हे. अंघोळीचा, नखे काढण्याचा, केस विंचरण्याचा. मग गाणे, मग गोष्ट, मग हातांना काम. महागडे साहित्य बाजूला पडले. शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, बांबूचे तुकडे हीच त्यांची साधने झाली, कारण ती मुलाच्या ओळखीची आणि फुकटची. अंगणात भरते म्हणून ती ‘अंगणवाडी’. हा शब्द असा जन्माला आला.

१९५७ साली ताराबाई पासष्ट वर्षांच्या असताना हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. तिथे माझाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. थोरले मूल शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे असते. ठीक, शाळेला लागूनच पाळणाघर काढले. धाकटे तिथे, मधले बालवाडीत, थोरले प्राथमिक शाळेत. सारे एका आवारात. याला त्यांनी नाव दिले विकासवाडी. गुरे वळणारे मूल तरीही येत नाही? मग शिक्षक गुरांमागे निघाले. गुरे चरतात तिथे झाडाखाली गोळा व्हायचे. गुरांची मोजदाद हे गणित, झाडेपाखरे हे निसर्गशास्त्र, आणि मधूनच कुणीतरी उठून गाय वळवून आणायची. ही कुरणशाळा. मजुरीला जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. ‘गुरं कोण वळील?’ याचे उत्तर कोसबाडने असे दिले, की गुरे मूलच वळील, पण तिथे ते एकटे असणार नाही.

अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक हाती आले तेव्हा मी ते एका बैठकीत वाचून काढले, आणि सुट्टी संपताच पाड्यावर परतलो. वर्गात एका कोपऱ्यात गोणपाट अंथरले, धाकट्या भावंडांसाठी. दुपारी चारनंतर तासभर मीच कुरणात जाऊ लागलो. पट लगेच भरला असे मी म्हणणार नाही. पण तांबडी शाई कमी लागू लागली.

आता इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाही. त्या पोराला सव्वीस चिपट्यांचा हिशेब येत होता हे खरे; पण त्याच पोराचा बाप बाजारच्या दिवशी खुरासणी घालायला जाई, तेव्हा व्यापाऱ्याच्या वहीत काय लिहिले जाते हे बापालेकांपैकी कुणालाच कळत नसे. अंगठा उठवायचा नि गप्प परतायचे. रानाने त्याला पुष्कळ शिकवले होते, पण तोंड उघडायला शिकवले नव्हते. हेही शिक्षण डहाणूच्याच मुलखात झाले, आणि तेही १९४५ सालीच! बोर्डीपासून जवळच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराची फुकट वेठ करणाऱ्या, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोंनी गुलामासारखे राबणाऱ्या लोकांनी ‘आता वेठ करायची नाही’ असे ठरवले. ती कथा गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोर्डीची बालवाडी आणि झरीची परिषद यांचा मार्ग वेगळा, पण साल एक, मुलूख एक. एकीने मुलांना स्वच्छ हातांनी बसायला शिकवले, दुसरीने त्यांच्या आईबापांना ताठ कण्याने उभे राहायला. एकीवाचून दुसरी अपुरी आहे, असे मला वाटते. नुसती अंघोळ शिकलेले मूल स्वच्छ वेठबिगार होईल, याहून अधिक काय?

म्हणून त्यापुढे कुरणात मी एक धडा रोज घेऊ लागलो: वहीतली ओळ वाचायची, आकडा आपल्या हिशेबाशी ताडून पाहायचा, आणि जुळला नाही तर विचारायचे. ‘विचारायचे’ हा भाग सर्वांत अवघड. पहिल्यांदा मलाच विचारा, असे मी सांगितले. फळ्यावर मुद्दाम चूक करी. महिनाभर कुणी बोलले नाही. मग एके दिवशी मागून बारीक आवाज आला, “गुरुजी, तुमचं चुकलं.” तो आवाज कुणाचा, हे सांगायला नकोच.

चौथीनंतर त्याची शाळा सुटली. ती मला सोडवता आली नाही. पण एका बाजारच्या दिवशी त्याने व्यापाऱ्याकडे वही बघायला मागितली, आणि व्यापाऱ्याने कुरकुरत का होईना ती पुढे केली, हे मला त्याच्या बापाने येऊन सांगितले. माझ्या नोकरीतली एवढी एक मिळकत मी जपून ठेवली आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या, त्यांना हे दिसले नाही. अनुताईंनी मात्र पाहिले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ साली त्या गेल्या. बोर्डीच्या एका अंगणातला शब्द आता देशभर गेला आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. फुल्यांची मागणी पुरी व्हायला इतकी वर्षे लागली. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना शिकवण्याजोग्या जीवनकौशल्यांची यादी केली. तीत दहा गोष्टी आहेत: निर्णय घेणे, अडचण सोडवणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, आपले म्हणणे नीट मांडणे, ताण सोसणे वगैरे. ती यादी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो घोंगडीवरचा तांदूळ येत होता. यादीतल्या निम्म्या गोष्टी त्या पोराला आधीच येत होत्या. उरलेल्या निम्म्या शिकवण्यासाठीच तर शाळा हवी होती. आणि मी मात्र त्याला जे येत होते त्यावरच तांबडी शाई ओढीत बसलो होतो.

आता मी निवृत्त आहे. त्र्यंबकला असलो की वाघबारशीला त्या पाड्यावर जातो. पूर्वीपेक्षा गुरे कमी झाली, पोरे गणवेशात दिसतात, मोबाइल वाजतात. पण शिधा अजून पोरेच मागतात. मागच्या खेपेला अंगणवाडीपुढे एक चार वर्षांची चिमुरडी चिंचोक्यांचे ढीग मांडून बसली होती. कुणाची, विचारले, तर त्याच पोराची नात. पोरगा आता आजोबा झाला आहे, मला वाकून नमस्कार करतो नि मी संकोचतो. चिमुरडीने चिंचोके वाटायला घेतले: एक आईला, एक आजाला, एक मला. मग माझ्याकडे निरखून पाहिले आणि आणखी एक चिंचोका वेगळा काढला.

वसुबारशीची पणती लावाल तेव्हा, वाचकहो, घाटापलीकडच्या या पोरांच्या चुलीचीही आठवण असू द्या. आणि आपल्या दारी भांडी घासणाऱ्या बाईबरोबर एखादे मूल कडेवर धाकटे घेऊन उभे असेल, तर फराळाची बशी पुढे करण्याआधी त्याला विचारून पाहा, की तुला काय काय येते. उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा. ते लांबलचक असण्याचा संभव आहे.